छोट्या शहरात नव्याने राहायला आलात? नळ, गटार, कचरा, खड्डा: कुणाला गाठायचं आणि कसं

पुण्या-मुंबईहून कऱ्हाड, विटा, सासवड, वाई, सिन्नर अशा गावी बिऱ्हाड हलवलेल्या माणसाचा पहिल्या महिन्यात हमखास गोंधळ उडतो. महापालिकेत वॉर्ड ऑफिस असतं, हेल्पलाइन असते, तक्रारीचा नंबर मोबाइलवर येतो. इथे नगरपरिषदेची एकच इमारत असते, आवारात ट्रॅक्टर आणि घंटागाड्या उभ्या असतात आणि आत कुठल्या टेबलाला काय विचारायचं ते पाट्या वाचून कळत नाही. पण छोट्या गावाची एक मोठी सोयही आहे. नळाला पाणी सोडणारा माणूस तुमच्याच गल्लीतून रोज गाडीवर जातो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या, म्हणजे नगरपरिषदेच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या, दालनाबाहेर तासभर थांबायची तयारी असेल तर बहुधा भेट होते. ही सोय वापरता आली तर छोट्या शहरातलं काम महानगरापेक्षा लवकर होतं, असं माझं मत आहे.

हा लेख महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांपुरता आहे. त्यांचा कारभार चालतो तो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमावर. लोकसंख्या एक लाखावर असली की 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क'. वर्गानुसार माणसं आणि यंत्रं कमी-जास्त होतात, कामाची रीत साधारण तीच राहते.

१. आधी हद्द बघा

घर घेताना सगळे पाणी आणि पार्किंग विचारतात, हद्द कुणी विचारत नाही. गाव वाढतं ते बाहेरच्या बाजूला, आणि नव्या कॉलन्या पुष्कळदा शेजारच्या ग्रामपंचायतीत असतात. पत्त्यात शहराचं नाव असतं, पिनकोडही शहराचा, पण रस्त्याच्या अलीकडे घंटागाडी येते आणि पलीकडे येत नाही. पलीकडची घरं ग्रामपंचायतीची. तिथल्या गटारीसाठी नगरपरिषदेत कितीही हेलपाटे मारले तरी उपयोग नाही.

हद्द ओळखायची सोपी खूण म्हणजे घराची कराची पावती. आधीच्या मालकाकडून ती मागून घ्या. त्यावर नगरपरिषदेचं नाव आणि मालमत्ता क्रमांक असेल तर प्रश्न मिटला. ग्रामपंचायतीची पावती असेल तर पुढची निम्मी माहिती तुम्हाला ग्रामपंचायत कार्यालयात वापरावी लागेल.

दुसरी अडचण नव्या लेआउटची. हद्द नगरपरिषदेचीच असते, तरी ती रस्ता करत नाही, दिवे लावत नाही. विचारलं की उत्तर येतं, "रस्ता अजून हस्तांतरित झालेला नाही." म्हणजे प्लॉट पाडणाऱ्याने लेआउटमधले रस्ते आणि खुली जागा नगरपरिषदेच्या ताब्यात दिलेली नाही, आणि ताब्यात नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. इथे नगरसेवकाच्या मागे लागून काही होत नाही. सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून बिल्डरला लेखी कळवायचं, त्याची प्रत नगररचना विभागाला द्यायची आणि हस्तांतरणाचा करार करून घ्यायचा. घर अजून घ्यायचं असेल तर हा कागद सौद्याआधीच मागा.

२. कुणाचं काय, हे एकदा पाठ करा

गावात राबणारी खाती पाच-सहा असतात आणि लोक सगळ्याचा राग नगरपरिषदेवर काढतात.

नळाचं पाणी, कचरा, गटारी, आतले रस्ते, रस्त्यावरचे दिवे, बागा, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवानगी आणि अग्निशमन ही नगरपरिषदेची कामं. पाण्यात एक अपवाद आहे: अंबरनाथ-बदलापूर, यवतमाळ अशा काही ठिकाणी पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण स्वतः चालवतं, म्हणजे बिलही त्यांचं आणि तक्रारही त्यांच्याकडे. वीज महावितरणची, तक्रारीचा नंबर १९१२. एमआयडीसीतले रस्ते आणि पाणी एमआयडीसीचं. कालवा, नदीपात्र आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे. कारखान्याचा धूर किंवा ओढ्यात सोडलेलं रंगीत पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

रस्त्यांचा घोळ सगळ्यात मोठा. गावातून जाणारा मुख्य रस्ता बहुतेक वेळा नगरपरिषदेचा नसतोच. तो राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हामार्ग असतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची यंत्रणा आणखी वेगळी. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. गावाच्या मध्यभागी दगड सापडत नाही, पण वेशीवर बहुधा असतो. त्या एका दगडाने तुमचा अर्ज योग्य टेबलावर जातो.

३. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका

छोट्या गावात सगळं तोंडी चालतं. "सांगून ठेवतो", "उद्या माणूस पाठवतो". तोंडी सांगण्याला मी कमी लेखत नाही, तातडीची कामं तशीच होतात. पण तिसऱ्यांदा सांगावं लागलं की कागद द्या.

अर्ज साध्या कोऱ्या कागदावर, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. विषय एका ओळीत. जागा नेमकी: कॉलनी, जवळची खूण, खांबाचा नंबर, मालमत्ता क्रमांक. एका अर्जात एकच तक्रार. नळ, गटार आणि कुत्री एकत्र लिहिली की तो अर्ज तीन विभागांत फिरतो आणि तिघंही तो दुसऱ्याचा समजतात. फोटो असतील तर छापून जोडा, मागे तारीख टाका.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक विभागात एक द्यायची आणि दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक (अर्ज दाखल झाल्याचा नोंदणी क्रमांक), तारीख आणि सही घ्यायची. कारकून कधीकधी म्हणतो, "ठेवून जा, नंतर नंबर देतो." तिथेच थांबा. तो नंबर नसेल तर पुढे कुठेही दाद मागताना तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो. शिक्क्याची प्रत घरी एका फाइलमध्ये लावत जा. पुढच्या वेळी गेलात की "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं न विचारता "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, कुणाच्या टेबलावर आहे?" असं विचारा. फरक लगेच जाणवतो.

४. घर नगरपरिषदेच्या दप्तरी तुमच्या नावे करा

खरेदीखत झालं म्हणजे कर तुमच्या नावे लागला असं होत नाही. कर विभागात खरेदीखताची आणि इंडेक्स दोनची (नोंदणी कार्यालयातून मिळणारा व्यवहाराचा गोषवारा) प्रत, आधीची थकबाकी भरल्याची पावती आणि हस्तांतरणाचा अर्ज द्यावा लागतो. मग असेसमेंट उताऱ्यावर नाव चढतं. भूमी अभिलेख कार्यालयातलं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, हे वेगळं प्रकरण. तिथला फेरफार वेगळा करावा लागतो. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा धरली जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

जुनी थकबाकी घराबरोबर येते. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, त्यामुळे चार-पाच वर्षं न भरलेलं घर घेतलं तर आकडा बघून घाम फुटतो. बिलात घरपट्टीशिवाय शिक्षण कर, वृक्ष कर, स्वच्छतेचं शुल्क अशा ओळी असतात. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. त्या वेळी घरी नोटीस येते आणि हरकत घ्यायला मुदत असते. खोल्या किंवा क्षेत्रफळ चुकीचं लावलं असेल तर तेव्हाच लेखी हरकत घ्या, मुदत टळली की चार वर्षं तोच आकडा भरत राहावा लागतो.

५. नळ

नवी नळजोडणी हवी असेल तर पाणीपुरवठा विभागात अर्ज, सोबत चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती आणि परवानाधारक प्लंबरचं नाव. मग जागा पाहणी होते आणि भरायचा आकडा कळतो: जोडणी शुल्क, अनामत आणि रस्ता फोडायचा असेल तर त्याच्या दुरुस्तीचा आकार. घरगुती जोडणी बहुतेक ठिकाणी अर्धा इंची मिळते. मुख्य लाइनवर जिथून जोडणी निघते तिथला फेरूल, म्हणजे जोडणीचा तुकडा, नगरपरिषदेचा माणूसच बसवतो. प्लंबरकडून परस्पर बसवून घेतला तर ती जोडणी अनधिकृत ठरते.

पावसाळ्यात रस्ता फोडायला परवानगी मिळणं अवघड, आणि उन्हाळ्यात टंचाई म्हणून नव्या जोडण्या थांबवल्या जातात. दिवाळीनंतर अर्ज केलेला बरा.

मग टाकी. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मापक माणशी रोज १३५ लिटर. चार माणसांच्या घराला रोज ५४० लिटर. दिवसाआड पाणी येत असेल तर १,०८० लिटरची गरज झाली, चौथ्या दिवशी येत असेल तर २,१६०. त्यावर एखादा नागा धरा, कारण पंपिंग स्टेशनची वीज जाते, लाइन फुटते. पाणी रात्री दोनला येतं की पहाटे पाचला, किती वेळ टिकतं आणि दाब गच्चीवर चढण्याइतका असतो का, हे शेजाऱ्यांना विचारून मगच जमिनीखालच्या टाकीचा आकार ठरवा.

नळाला थेट मोटार लावू नका. सगळे लावतात म्हणून आपणही लावावी हा मोह होतो, पण त्याची गोम समजून घ्या. पाणी ठरावीक वेळच सुटतं, बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. पाइप गटारीच्या कडेने, कधी गटारीतूनच गेलेला असतो. मोटार ओढ घेते तेव्हा पाइपात पोकळी तयार होते आणि एखादा सांधा ढिला असला की गटारीतलं पाणी आत खेचलं जातं. ते मोटारवाल्याच्या घरात तर जातंच, शेजाऱ्यांच्याही जातं. पावसाळ्यात एकाच गल्लीत कावीळ आणि जुलाबाचे पेशंट का निघतात त्याचं एक कारण हे असतं. पकडलं तर मोटार जप्त होते आणि नळ तोडला जातो. जमिनीखालच्या टाकीत पाणी पडू द्या आणि तिथून गच्चीवर चढवा.

सुटलेलं पहिलं बादलीभर पाणी लालसर येणं नेहमीचंच, ते झाडांना घाला. पाच-सात मिनिटांनंतरही गढूळ किंवा वासाचं आलं तर आधी शेजारच्या नळाला बघा. त्यांच्याकडे स्वच्छ असेल तर तुमच्याच जोडणीचा जुना लोखंडी पाइप गटारीखाली कुजलेला आहे आणि तो बदलायचा खर्च तुमचा. दोघांकडे घाण असेल तर व्हॉल्व्हमनला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, तेव्हाच फोन करा, पाणी बंद झाल्यावर दोष शोधता येत नाही. त्याच वेळी ओटी टेस्ट करायला सांगा. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. घरापर्यंत पोहोचताना लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं.

गावात आल्यावर ज्याचा नंबर पहिल्यांदा घ्यावा असा माणूस म्हणजे हा व्हॉल्व्हमन. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की कुठल्या गल्लीला पाणी चढतं हे त्याच्या डोक्यात असतं, आणि पुष्कळ गावांत ते अजून कुठल्याही नकाशावर आलेलं नाही. दिवाळीला त्याला फराळाचा डबा द्या. आपला अर्ज लवकर निघावा म्हणून नको, पहाटे उठून तो पाणी सोडतो म्हणून.

६. सेप्टिक टँक: ज्याबद्दल कुणी बोलत नाही

मोठ्या शहरातून आलेल्याला संडासाचं पाणी कुठे जातं हा प्रश्न कधी पडलेला नसतो. छोट्या शहरांत भुयारी गटार अनेकदा नसते, असली तर अर्ध्या गावाला असते. बाकी घरांचा मैला अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये साठतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात किंवा, खरं सांगायचं तर, समोरच्या उघड्या गटारीत जातं.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. लोक दहा-दहा वर्षं उपसत नाहीत आणि "आमची कधी भरतच नाही" असं अभिमानाने सांगतात. ती केव्हाच भरलेली असते. तळाला गाळ दाटला की मैला टाकीत थांबत नाही, तसाच गटारीत वाहून जातो. गल्लीत वास का येतो याचं उत्तर तिथे आहे.

घर ताब्यात घेतलं की टाकीचं झाकण कुठे आहे ते शोधा. फरशीखाली, तुळशीवृंदावनाखाली, जिन्याच्या कोनाड्यात अशा नामी जागी ते सापडतं. मोकळं करून घ्या. रस्त्यापासून झाकणापर्यंत किती फूट पाइप लागेल ते मोजा, कारण उपसणारी गाडी अरुंद बोळात शिरत नाही आणि तिच्या पाइपाला मर्यादा असते. आरोग्य किंवा स्वच्छता विभागात पैसे भरून पावती घेतली की नगरपरिषदेची सक्शन गाडी येते. खासगी गाडी बोलावली तर गाळ कुठे रिकामा करणार ते विचाराच. गावच्या मैला गाळ प्रक्रिया केंद्राऐवजी ओढ्यात रिकाम्या होणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

वाई आणि सिन्नर या गावांनी या बाबतीत देशाला वाट दाखवली. तक्रार आल्यावर गाडी पाठवण्याऐवजी त्यांनी ठरलेल्या पाळीने भाग घेऊन प्रत्येक घराची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा उपसायची पद्धत सुरू केली. तुमच्या गावात अशी पाळी असेल तर गाडी दारात आल्यावर "आमची नको" म्हणू नका.

आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. कुणी स्वस्तात "आत उतरून साफ करतो" म्हणाला तरी नाही. टाकीतल्या वायूने माणूस एका श्वासात पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने हे काम करवून घेणं गुन्हा आहे आणि त्यात घरमालकही सापडतो. असे मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. यंत्राने सफाईसाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे.

७. कचरा

घंटागाडीची वेळ आणि थांबा शेजाऱ्याला विचारून घ्या. गाणं ऐकू आल्यावर जिना उतरायला लागलात तर गाडी पुढच्या चौकात असते.

ओला आणि सुका वेगळा द्या हे सगळ्यांना माहीत आहे, अडतं ते मधल्या वस्तूंवर. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात. न धुता टाकली तर दोन दिवसांत आख्ख्या पोत्याला वास मारते. नारळाची करवंटी आणि शहाळं ओल्यात टाकलं तर खताच्या यंत्राची पाती अडतात, म्हणून बाजूला द्या. डायपर आणि पॅड कागदात घट्ट गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्या, कारण सुका कचरा हाताने निवडणाऱ्या बायका तिथे बसलेल्या असतात. फुटकी काच कागदात बांधून त्यावर 'काच' लिहा. गोळ्या, सेल, ट्यूबलाइट, डास मारायच्या औषधाचे डबे एका डब्यात साठवून महिन्यातून एकदा गाडीवाल्याच्या हातात द्या.

गाडीवाला वेगळा दिलेला कचरा एकाच खणात ओततो, ही नेहमीची तक्रार. ती खरी असते तेव्हा मुकादमाला (सफाई कामगारांवर देखरेख करणारा) किंवा स्वच्छता निरीक्षकाला गाडीचा नंबर आणि वेळ सांगून कळवा. पण आधी त्या गाडीला दुसरा खण आहे का तेही बघा, मधल्या पत्र्यामुळे खालून दिसत नाही.

छोट्या गावाला कचरा पेलत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा वेंगुर्ल्याला जाऊन यावं. तिथल्या नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरून वेगळा येणारा कचरा केंद्रावर पुन्हा वीसहून जास्त प्रकारांत निवडायला घेतला; ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा वापर रस्त्याच्या डांबरात. जुना कचरा डेपो लोक बघायला येतात अशी जागा झाली. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत २०२० ला कऱ्हाड, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी आणि २०२३ ला सासवड देशात पहिलं आलं. चारही आपली, आणि त्यातली तीन एकट्या सातारा-सांगलीतली.

बागेला खत हवं असेल तर पैसे भरून बाहेरून आणायच्या आधी नगरपरिषदेच्या केंद्रावर विचारा. शहरी कचऱ्यापासून केलेलं, तपासलेलं खत 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने विकायची राज्याची योजना आहे आणि पोतं स्वस्तात मिळतं.

प्लास्टिकच्या पातळ पिशव्या राज्यात मार्च २०१८ पासून बंद आहेत. पहिला दंड ५,००० रुपये, दुसरा १०,०००. बाजारात मिळतात म्हणून चालतात असं समजू नका. पथक आलं की भाजीवाल्याबरोबर तुम्हीही हकनाक उभे.

८. गटारी, डास, खड्डे आणि दिवे

गटारी उपसायला मुकादमाची माणसं ठरलेल्या दिवशी येतात. उपसलेला गाळ कडेला ठेवतात तो वाळावा म्हणून. ओला उचलला तर ट्रॅक्टरमधून रस्ताभर सांडतो. दोन-तीन दिवस थांबा, त्यानंतरही पडून असेल तर फोन करा. मोठे नाले मात्र मे महिन्यातच बघून घ्या आणि तेव्हाच अर्ज द्या. जूनमध्ये पाणी तुंबल्यावर सगळं गाव एकाच जेसीबीच्या मागे असतं.

धूर फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. डेंग्यूचा डास घरातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाक्या आणि फ्रिजमागचं भांडं कोरडं करा.

खड्ड्याची तक्रार करताना रस्ता अलीकडेच झाला असेल तर एक गोष्ट मागा: दोष दायित्व कालावधी कधीपर्यंत आहे. ठेकेदाराने केलेल्या रस्त्याची दुरुस्ती ठरावीक मुदतीपर्यंत त्यानेच स्वखर्चाने करायची असते. ती मुदत कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या पत्रात, लिहिलेली असते. बांधकाम विभागाच्या अभियंत्याला हा प्रश्न विचारला की नुसत्या "खड्डा बुजवा"पेक्षा काम पुढे सरकतं.

दिवा बंद असेल तर खांबावर रंगवलेला नंबर कळवा. खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा अशी वाटणी असते. एकच दिवा गेला तर नगरपरिषदेचा वायरमन, ओळीने सगळे गेले तर बहुधा महावितरण. दिवसाही जळत राहणारे दिवे कळवले तर वायरमनला बरं वाटतं, कारण त्यावरून बोलणी त्यालाच बसतात.

९. झाड तोडायचं असेल तर

आपल्या अंगणातलं, आपण लावलेलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा नगरपरिषद हद्दीला लागू आहे आणि त्यात झाडाला इजा करणंही 'तोडणं' धरलं जातं, म्हणून जड फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी अर्ज करा. अर्जात झाडाची जात, बुंध्याचा घेर, कारण आणि फोटो. पाहणी होते, नोटीस लागते, हरकती मागवतात. ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने जास्त संरक्षण आहे. वीजवाहिन्यांत अडकलेल्या फांद्या महावितरण पावसाळ्याआधी स्वतः काढतं, तेव्हा तुम्ही चढू नका.

घराचं काम काढलं असेल तर राडारोडा कुठे टाकायचा ते विचारून घ्या. ओढ्याकाठी टाकलेली एक ट्रॉली पुढच्या पावसात कुणाच्या तरी घरात पाणी घालते. वाळू-खडी रस्त्यावर उतरवायची असेल तर त्याची परवानगी वेगळी.

१०. तरीही झालं नाही तर

आधी काम करणारा माणूस, मग विभागप्रमुख, मग मुख्याधिकारी. नगरसेवकाकडे जायचं ते निधी लागणाऱ्या कामासाठी: नवी गटार, नवा रस्ता, बाग. फुटलेल्या पाइपासाठी त्याच्याकडे गेलात तर तोही त्याच व्हॉल्व्हमनला फोन करणार. कित्येक वर्षं नगरपरिषदांवर प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता बहुतेक प्रभागांना दोन-दोन नगरसेवक आहेत. दोघांनाही सांगा.

नळजोडणी, कराचा उतारा, ना-देय (थकबाकी नसल्याचा) दाखला अशा ठरलेल्या सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. सेवा, मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावलेला असलाच पाहिजे, बहुधा तो जिन्याजवळ कपाटाआड सापडतो. फलकाचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील. कारण नसताना सेवा अडवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरून केला तर तारखेवरून वाद उरत नाही.

रस्त्याच्या कामाचे कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराला ३० दिवस. "कामाबद्दल सर्व माहिती द्या" असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. "अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत" असं लिहा. मोजमाप पुस्तकात किती लांबी, रुंदी आणि किती जाडीचा थर मोजून बिल निघालं ते आकडे असतात. लांबी-रुंदी घरच्या टेपने मोजून ताडता येते. जाडीसाठी रस्त्याची उखडलेली कड पुरते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे जायचं तर आधीच्या अर्जांच्या शिक्क्यानिशी प्रती सोबत लागतात, आणि निवेदन पंधरा दिवस आधी द्यावं लागतं.